नाव घातलेली भांडी

नांदेड, ११ जून २०२४

ती. बबितावहिनींना सुदर्शनचा नमस्कार.

टेम्पोत माल चढवून झाला. व्यंकटी चहा पिऊन राहिलाय, तेवढ्यात हे लिहितो. बारा लोखंडी पलंग, नऊ टेबलं, सात खुर्च्या, अठरा गाद्या आणि चार कूलर. एका कूलरचा पंखा खडखडतो, पण त्या आवाजात झोप येत नाही आणि अभ्यास चांगला होतो असं सांगून विका. गाद्या उन्हात टाकल्याशिवाय दुकानात घेऊ नका. क्लासची पोरं लातुरात उतरायला लागली असतील, आठ दिवसांत सगळं उठेल.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, भाऊजी, न बघता माल घेता म्हणता, मग खिळखिळं तेवढंच लातूरला कसं येतं? वहिनी, तुमचा संशय काही जायचा नाही. तर एकदाच लिहून देतो, जपून ठेवा. गावाबाहेरच्या गोदामात साठ गाळे आहेत. कुणाचं घर बांधायचं चाललेलं असतं, कुणाची बदली होते, कुणाचं दुकान बसतं. ते सामान तिथं ठेवतात आणि महिन्याचं भाडं भरतात. आठ महिने भाडं आलं नाही की पत्त्यावर नोटीस जाते आणि मग लिलाव. शटर वर करतात, समोर दोरी बांधतात. दहा मिनिटं बाहेरून बॅटरी मारून बघायचं, आत पाय टाकायचा नाही, हात लावायचा नाही, आणि बोली बोलायची. सामान कुणाचं होतं तेही सांगत नाहीत. नाहीतर आमच्यासारखे लोक त्या माणसाच्या दारात जाऊन बसतील. मी धूळ बघून बोलतो. सामान घाईत टाकलंय की जपून रचलंय, गाठी बाईच्या हातच्या आहेत की हमालाच्या, एवढं कळलं तरी पोट भरतं. आत वाळवी निघाली तर ती माझी. तुमच्याकडे येतात ते पलंग, मला मिळतात तसेच.

या खेपेला आणखी एक गाळा घेतलाय, एकोणीस नंबरचा. घरगुती सामान आहे, किरकोळ. सावकाश बघतो.

ऋतुजाला म्हणावं, बारावी आहे, मोबाइल बाजूला ठेव. साक्षीनं नमस्कार सांगितलाय. तुम्ही घेत नाही, तरी ती दर वेळी सांगते.

आपला,
सुदर्शन

*

लातूर, १५ जून

सुदर्शनभाऊजींना,

पलंग बारा मिळाले, एकाचा पाय तोकडा आहे, खाली वीट लावून विकला. गाद्या सतरा. अठरावी कुठं उतरली ते व्यंकटीला विचारा. मी लिहून मागते ते याच्यासाठीच. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं माझ्या पेटीत राहतं. तुमचा फोन नंबर मी बंद करून ठेवलाय, तो बंदच राहील.

आता कामाचं. पलंगांचे नट-बोल्ट तुम्ही एका पितळी डब्यात घालून पाठवलेत. तुमच्या माणसांची ती सवयच आहे, हाताशी येईल त्या भांड्यात बोल्ट. परवा मी डबा रिकामा केला आणि चिंचेनं घासायला घेतला. झाकणावर नाव निघालं. जसंच्या तसं उतरवते: चि. सौ. कां. बबिता हिस नागाबाईमामीकडून, जळकोट, १४-५-२००६.

भाऊजी, हा माझ्या लग्नातला आहेर आहे.

तुम्ही विसरला असाल तर आठवण देते. पाच वर्षांपूर्वी तुमचे भाऊ मोटारसायकलवरून पडून गेले. तेरावं झालं. मी ऋतुजाला घेऊन लातूरला माझ्या भावाकडे निघाले, तेव्हा माझ्या आहेराची पेटी उघडली. बावीस भांडी होती तिच्यात, हंड्यापासून समईपर्यंत, सगळ्यांवर नाव घातलेलं. आत निघाली रिकामी पोती. मी तेरा दिवस कोपऱ्यात बसून होते, मला कशाचीच शुद्ध नव्हती. घराच्या किल्ल्या त्या तेरा दिवसांत कुणाच्या कमरेला होत्या? तुमच्या बायकोच्या. साक्षीनं देवासमोर दिवा लावून शपथ घेतली. दिवा काय, वात असली की कुणासाठीही जळतो.

हा डबा कुठून आला? एवढ्या एकाच गोष्टीचं उत्तर पाठवा. बाकीच्या गप्पा नकोत.

बबिता

*

नांदेड, २० जून

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी जरा हसलोच, माफ करा. जगात एकच बबिता आहे का? त्या सालात तर दर तिसऱ्या घरात बबिता निघायची. डबा मी भोकरच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून मोडीत घेतला. दहा-बारा भांडी होती, त्यातला एक. नाव घातलेली भांडी लोक घेत नाहीत, दुसऱ्याचा आहेर घरात नको म्हणतात. म्हणून मी नाव घासून काढतो, नाहीतर मोडीला देतो. हा डबा तसाच राहिला आणि व्यंकटीनं त्यात बोल्ट टाकले. एवढीच गोष्ट.

तुम्हाला नको असेल तर परत पाठवा. पाठवाच. नव्या गाळ्यातलं सामान अजून लावायचंय, त्यामुळे पुढची खेप जरा उशिरा येईल. पाऊस बरा आहे. गोलूला यंदा तिसरीत घातलं.

आपला,
सुदर्शन

*

लातूर, २४ जून

भाऊजी,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

माझ्या नावाच्या बबिता शंभर असतील. त्यांच्यातल्या किती जणींची मामी जळकोटची आणि तिचं नाव नागाबाई? आणि कितीजणींचं लग्न त्याच तारखेला लागलं? डब्याच्या बुडाला पोचा आहे. ऋतुजा दोन वर्षांची असताना तो ओट्यावरून ढकलला होता, तेव्हा तुम्हीच तिला उचलून घेतली होती. तुम्ही खोटं बोलता तेव्हा आधी हसता. तुमचे भाऊ तसं कधी करत नव्हते, ते गप्प बसायचे. त्यांचं गप्प बसणंही मला आवडायचं नाही, पण ती गोष्ट निराळी.

व्यंकटी काल आला होता. त्याला दोन भाकरी आणि पिठलं वाढलं आणि विचारलं. आधी म्हणाला, "मला काय माहीत न्हाई वहिनी, मी टेम्पो चालवतो." दुसरी भाकर संपली तेव्हा म्हणाला, "भंगारवाला कुठला आलाय! डबा त्या एकोणीस नंबरच्या गाळ्यातला हाय. बोल्टाला काय तरी पाहिजे व्हतं, दाराशी हाच दिसला, घेतला. साहेब आत एकलेच बसून व्हते, शटर अर्धं खाली करून. दोन घंटे. मला म्हनले, आत येऊ नको." आणि म्हणाला की त्या गाळ्यातलं एकही सामान तुम्ही बाजारात काढलं नाही. दुसरा गाळा भाड्यानं घेतला आणि सगळं तिकडं हलवून नवं कुलूप लावलं.

त्याच्यावर चिडू नका. खरं बोलायला त्याला फक्त भाकर लागते. तुम्हाला काय लागतं ते सांगा.

किरकोळ घरगुती सामानाला नवं कुलूप कोण लावतं? तुम्ही कुणाला झाकताय ते मला कळतंय. मी लहान नाही. तीन दिवस मी दुकानात बसून हाच विचार करते आहे, गिऱ्हाइकाला टेबलाचा भाव सांगताना खुर्चीचा सांगते. माझ्या माहेरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन ती भांडी घातली होती. त्या माणसांतली काही आता नाहीत, माझे मामा नाहीत. त्यांची नावं त्या भांड्यांवर आहेत. मला ती परत पाहिजेत, आणि कुणी नेली ते पाहिजे.

बबिता

*

नांदेड, २ जुलै

ती. वहिनी,

तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. आता जे आहे ते लिहितो.

लिलावाच्या दिवशी एकोणीस नंबरचं शटर वर गेलं. मी बॅटरी मारली. समोर वाकळेत बांधलेली गाठोडी होती, नीट रचलेली. वाकळेचा टाका बघितला आणि बॅटरी तिथंच धरून ठेवली. तो आईचा टाका होता. आपल्या आईचा. ती कडेला दुहेरी दोरा घ्यायची, तिच्यासारखी दुसरी कुणी घेत नाही. एका गाठोड्याची गाठ सुटली होती आणि त्यातून समई दिसत होती. मी ती समई ओळखली, वहिनी. तुमच्या लग्नात मीच ती डोक्यावर घेऊन आलो होतो.

बोली लागली तेव्हा एकजण माझ्याशी अडला. त्याला वाटलं, सुदर्शन चढतोय म्हणजे आत सोनं आहे. मी चढत गेलो. आजवर इतक्या भावानं गाळा घेतलेला नाही. त्यानंतर शटर अर्धं ओढून आत बसलो. बावीस भांडी आहेत, डबा धरून. सगळी आहेत. त्याशिवाय नवंकोरं सामानही आहे, एक शेगडी, भिंतीवरचं घड्याळ आणि लहान मुलाचं अभ्यासाचं टेबल, त्याच्यावरचा कागदही काढलेला नाही.

मग मी गोदामाच्या मुनिमाला, नागसेनला, गाठलं. नाव सांग म्हटलं. तो म्हणाला, "नियम न्हाई. आन् मलाबी ठाव न्हाई, मी हिवाळ्यात लागलो इथं. जुनं रजिस्टर मालकाच्या कपाटात हाय, मालक परगावी. पन आधीचा मुनीम म्हनायचा, एकोणीसचं भाडं भराया एक बाई येते."

एक बाई. आमच्या घरातली वाकळ, तुमची भांडी आणि भाडं भरायला बाई.

आता तुम्हीच सांगा, माझ्या मनात कुणाचं नाव यावं? पाच वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की साक्षी तसली नाही. आता मला स्वतःला सांगता येत नाही. ते टेबल बघून वाटतं, तिला गोलूला घेऊन वेगळं व्हायचं होतं की काय? आई होती तोवर गावाकडे आणि आम्ही इथं नांदेडात, तरी तिला कधी मोकळं वाटलं नाही, हे मला माहीत आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला ती बचतगटाला म्हणून जाते. खरंच जाते का, हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं. आता बघणार आहे. ती ताट वाढते आणि मी तिच्या हाताकडे बघत बसतो. मला लाज वाटते वहिनी, पण संशय काही जात नाही.

म्हणून खोटं बोललो. तुम्हाला फसवायचं म्हणून नाही. तुमच्या आधी मला कळावं म्हणून. मालक आला की रजिस्टर बघतो. तोवर थांबा. हे पत्र कुणाला दाखवू नका.

सुदर्शन

*

लातूर, ७ जुलै

भाऊजी,

शेवटी लिहिलंत. मी पाच वर्षं ओरडून सांगत होते, तेव्हा तुमचे सगळे भाऊबंद म्हणाले की बालाजी गेल्यापासून बबिताचं डोकं फिरलंय. माझी सासू, तुमची आई, कोपऱ्यात बसून होती, तिनंसुद्धा माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. त्या दिवशी मी त्या घरातून पिशवी घेऊन निघाले, ती गेल्या भाद्रपदात सासूबाईंच्या मौतीला तेवढी आले, आणि तेव्हाही साक्षीच्या हातचं पाणी घेतलं नाही.

रजिस्टर बघा नाहीतर नका बघू. मला आता रजिस्टर कशाला? तिचा नवराच लिहून देतोय.

१४ तारखेला नायगावला तुमच्या चुलतभावाच्या वर्षाराणीचा साखरपुडा आहे. मलाही बोलावणं आलंय. सगळी भावकी येईल, ज्यांच्यासमोर मी खोटी ठरले ते सगळे येतील. डबा घेऊन येते. तुम्हीही या, आणि तिला घेऊन या.

बबिता

*

नांदेड, १६ जुलै

वहिनी,

नायगावात तुम्ही डबा मांडवाच्या मधोमध ठेवलात आणि माझं पत्र काढून वाचलंत. कुणाला दाखवू नका म्हणून लिहिलं होतं ते. अक्षर माझ्याच हातचं होतं. साक्षी माझ्याकडे बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमीच लिहिलंय का?" मी मान खाली घातली. तिनं गोलूला उचललं आणि रस्त्यावर जी पहिली गाडी मिळाली तिनं माहेरी देगलूरला गेली. जेवलीसुद्धा नाही. तुम्ही जेवलात, ते मी बघितलं.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तो अधिकार माझा राहिलेला नाही. काल मालक आला. नागसेननं जुनं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. आता सावकाश वाचा.

एकोणीस नंबरचा गाळा २० फेब्रुवारी २०१९ ला घेतलेला आहे. घेणाऱ्याचं नाव, बालाजी. सही दादाची आहे. ती मी कुठंही ओळखीन, शेवटच्या अक्षराला तो खाली रेघ ओढायचा. कारण या रकान्यात लिहिलंय, लातूरला बिऱ्हाड हलवायचे आहे, तोपर्यंत.

भांडी दादानंच नेली होती वहिनी. तुमच्या पेटीतून थोडी थोडी, आईच्या वाकळांमध्ये बांधून, आणि पेटीत पोती भरून ठेवली म्हणजे कुणाला हलकी लागू नये. शेगडी त्यानं घेतली. घड्याळ त्यानं घेतलं. ते टेबल ऋतुजाचं आहे. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. लातूरच्या शाळेत घालायचं म्हणून तुम्ही त्याच्या मागे लागला होता आणि तो "बघू" म्हणून गप्प बसायचा, ते मला माहीत आहे. तो बघतच होता. आईला सांगायचं धाडस नव्हतं एवढंच. मी वेगळा निघतो असं म्हणायला त्याची जीभ वळली नसती. एप्रिलच्या नऊ तारखेला तो गेला.

पुढच्या ओळी लिहायला मला जड जातंय. ३ मे २०१९ पासून भाडं भरल्याच्या जागी सही नाही, आंगठा आहे. शेजारी मुनिमानं लिहिलंय, केवळाबाई, निशाणी आंगठा. दर तीन महिन्यांनी एक आंगठा, गेल्या वर्षीच्या मेपर्यंत. साक्षी बी.ए. झालेली आहे, ती आंगठा कशाला देईल? नाव आईचं आहे, आंगठाही तिचाच. दवाखान्यातून दादाचे कपडे आईच्याच हातात दिले होते. खिशात किल्ली आणि पावती असणार. आई दर तीन महिन्यांनी गुडघ्याच्या औषधाला नांदेडला यायची आणि म्हणायची, "मी एकटी जाते, तू दुकान सोडू नको." मला तिचं कौतुक वाटायचं.

मग आई अंथरुणाला खिळली, भाडं थांबलं, आणि भाद्रपदात ती गेली. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली आणि बंद दारावरून परत आली. मग लिलाव.

म्हणजे तेराव्यानंतर तुम्ही पेटी उघडून ओरडत होता, साक्षी दिवा लावून शपथ घेत होती, तेव्हा आईला सगळं माहीत होतं. थोरला मुलगा घर सोडून निघाला होता हे गावाला कळू नये, म्हणून तिनं धाकट्या सुनेला चोर होऊ दिलं. मला दुसरं कारण सापडत नाही. मी कालपासून शोधतोय. तिला जाऊन विचारावं म्हणतो आणि मग आठवतं.

पाच तारखेला मी साक्षीच्या मागे गेलो होतो. ती बचतगटालाच गेली होती.

सुदर्शन

*

लातूर, २२ जुलै

साक्षी,

पत्राच्या वर काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. भाऊजींचं पत्र सोबत पाठवते आहे, ते आधी वाच आणि मग माझं.

वाचलंस?

मी चुकले. इतकं सोपं वाक्य आहे, पण लिहायला मला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस मी ते पत्र खोटं आहे असंच धरून चालले होते, मनात म्हटलं, बायकोला वाचवायला यानं रजिस्टरही बनवलं असेल. बघ माझं मन कसं झालंय. मग व्यंकटीबरोबर नांदेडला गेले, गाळा उघडायला लावला, टेबलाच्या कागदावर मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं बघितलं. "ऋतुजा, इयत्ता सातवी." अक्षर त्यांचंच. ऋतुजा आता बारावीला आहे. मी त्या टेबलाशी बसून रडले, आणि मला कुणासाठी रडते आहे तेच कळेना.

तुला खरं सांगते. ते गेले तेव्हा माझा त्यांच्यावर राग होता. माझं ऐकत नाहीत, आईच्या पदराबाहेर पडत नाहीत. मेलेल्या माणसावर राग धरायची सोय नसते. तेवढ्यात पेटी रिकामी निघाली आणि तू समोर दिसलीस, किल्ल्या कमरेला लावून. सगळा राग तुझ्यावर काढला. वड्याचं तेल वांग्यावर काढायची मला पाच वर्षं सवय लागली, आणि खरं म्हणजे त्या रागानंच मला उभं ठेवलं. दुकान टाकलं, पोरगी शिकवली. तुला चोर म्हटलं नसतं तर मी काय धरून जगले असते ते माहीत नाही. याचा तुला काही उपयोग नाही, ते कळतंय.

नायगावात तर हद्द झाली. तुझ्या नवऱ्याचं पत्र मी मांडवात वाचलं, आणि वाचताना मला बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवते.

भांडी लातूरला आणली आहेत. त्यांतला मोठा हंडा आणि समई तुझी. तू नको म्हणशील, तरी घे. मी देगलूरला येऊन तुझे पाय धरते. कधी येऊ ते कळव, घरात तुझ्या आईशिवाय कुणी नसेल अशा वेळी येते.

बबिता

*

देगलूर, २ ऑगस्ट

ताई,

दोन्ही पत्रं वाचली. आधी आईला वाचून दाखवली, कारण ती मला रोज विचारत होती, "खरं सांग बाई, घेतलं तर नव्हतंस ना काही?" माझी आई. माणसाचं नाव एकदा गेलं की पाच वर्षांत ते कुठपर्यंत जातं, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

हंडा नको आणि समईही नको. तुमच्या माहेरच्यांची नावं आहेत त्यांच्यावर, माझ्या घरात त्यांचं काय काम?

तुमच्यावरचा राग मला लिहिता येतो. तुम्ही तोंडावर चोर म्हणालात, मी तोंडावर नाही म्हटलं. आपलं भांडण होतं आणि भांडणात माणूस निदान समोर असतो. यांचं तसं नाही. पाच तारखेला बचतगटातून बाहेर आले तेव्हा पाऊस होता, आणि हे पानटपरीच्या आड उभे होते, हातात छत्री. मला वाटलं, मला घ्यायला आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा आले, म्हणून मी मनात खूश झाले आणि मुद्दाम हळू चालले, म्हणजे यांनी मागून हाक मारावी. हाक आली नाही. लाजत असतील असं समजले. घरी येऊन त्या दिवशी त्यांच्या आवडीची कढी केली. त्यांनी दोनदा मागून खाल्ली.

आणि सासूबाई. शेवटचे चार महिने त्या आमच्याकडे नांदेडला अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मीच केलं, तुम्हाला ते माहीत नाही कारण तुम्ही विचारलं नाहीत. रोज संध्याकाळी त्या माझा हात धरून रडायच्या. "तू लई चांगली हाय गं, तुझं लई वाईट केलं देवानं," म्हणायच्या. मी म्हणायची, "देवानं काय केलंय आत्या, झोपा तुम्ही." गुडघे दुखतात म्हणून रडतात असं समजून मी तेल चोळत बसायची. एक शब्द बोलल्या असत्या तरी चाललं असतं, फक्त माझ्या कानात. मी कुणाला सांगितलंही नसतं. आता त्यांच्यावर रागावू की रडू ते मला कळत नाही, दोन्ही करून बघितलं.

तुम्ही येऊन पाय धरते म्हणता, घरात कुणी नसताना. ताई, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, माझे पाय धरू नका. आणि घरात कुणी नसताना तर मुळीच येऊ नका. चोर म्हणताना मांडव भरलेला होता. बायका जेवणाच्या पंगतीतून उठून ऐकायला आल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, मी बघितलं. तिला तुमचं पत्र मिळालेलं नाही. ती अजूनही मला चोरच समजते.

वर्षाराणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, नायगावलाच. साखरपुड्याला होती ती सगळी माणसं येतील. त्या दिवशी तुम्ही उभ्या राहा आणि जेवढ्या मोठ्यानं मला चोर म्हणालात तेवढ्याच मोठ्यानं सांगा की मी नव्हते. भांडी कुणी नेली, भाडं कुणी भरलं, सगळं सांगा. सासूबाईंचं नाव जाईल म्हणून आत्ताच भावकीतले दोघं मला समजवायला येऊन गेले, मेलेल्या माणसाची अब्रू काढू नये म्हणाले. मी त्यांना चहा दिला. जिवंत माणसाच्या अब्रूचं विचारायला पाच वर्षांत यांच्यातलं कुणी आलं नव्हतं.

आणि तुमच्या भाऊजींनाही कळवा. ते मला रोज फोन करतात, मी उचलत नाही. म्हणावं, वहिनी बोलतील तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहायचं, आणि मान वर ठेवायची. तेवढं झालं तर गोलूला घेऊन नांदेडला येईन. नाही झालं तर इथल्या शाळेत त्याचं नाव घातलेलंच आहे.

लग्नाला मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे.

साक्षी